आधाराला आधार कशाचा?
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



मी तालुका कचेरीतला साधा कारकून, शिक्षण एस.एस.सी.पर्यंत. कचेरीत आम्हाला एकच प्रश्न विचारायची सवय असते: "याला आधार काय?" सातबाऱ्यावरील नावाला फेरफाराचा आधार, फेरफाराला खरेदीखताचा, त्याला मागच्या नोंदीचा. मागे जाता जाता जुन्या बंदोबस्ताच्या कागदाशी थांबावे लागते.

पाया खोदताना आपल्याच एका तरुणाने मला गाठले. तो देव मानीत नाही, पण आठ दिवस त्याने फावडे सोडले नाही. म्हणाला, "काकाजी, कळस शिखरावर, शिखर भिंतीवर, भिंत पायावर, पाया गोट्यावर. मंग गोटा कायच्यावर?" हा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हारस. म्हणजे तोही एकेकाळी नव्हताच.

मी उदयनाचार्यांचे नाव घेतले. दहाव्या शतकात मिथिलेच्या या पंडिताने 'न्यायकुसुमांजली' ग्रंथात ईश्वर सिद्ध करू पाहिला. घडा आहे तर कुंभार आहे. तसे जग घडलेले, म्हणून त्याला कर्ता आहे. "मंग देवाले कोनं घडवलं?" मी म्हटले, जे उत्पन्न होते त्यालाच कर्ता लागतो, ईश्वर उत्पन्न झालेला नाही. "मंग जगच अनादि म्हना ना!" आता वेद प्रमाण मानणारे कुमारिल भट्टही जगाचा कर्ता मानीत नव्हते. तिथे माझी मात्रा चालली नाही, हे कबूल करतो. आपले मंदिर नसूही शकले असते. पण जे नसूच शकत नाही असे काही आहे काय? खरा वाद एवढाच आहे.

हा वाद आपल्या जिल्ह्याला नवा नाही. १९४४ साली आंध्रातील नास्तिक गोरा, म्हणजे गोपराजू रामचंद्र राव, सेवाग्रामला गांधीजींना भेटले. गांधीजी १९३१ पासूनच 'सत्य हाच ईश्वर' म्हणत होते. पुढे गोरांच्या मुलीचा विवाह अस्पृश्य मानलेल्या समाजातील तरुणाशी आश्रमात करण्याचे ठरले. विधीत ईश्वराऐवजी सत्याचे नाव घ्यायला गांधीजींनी संमती दिली. त्यांची हत्या झाली, तरी मार्च १९४८ मध्ये तो विवाह सेवाग्रामलाच लागला.

आपल्या त्या तरुणाचे नाव यादीत घालावे की नाही, यावर समितीत पुष्कळ वाद झाला. काही वडीलधारी मंडळी रागावली. त्यांचा राग मी समजू शकतो. मी म्हटले, ज्याने काम केले त्याची नोंद होते. मताचा रकाना आमच्या कोणत्याच नोंदवहीत नाही. नाव श्रमदानाच्या यादीत छापले आहे.

त्याचे उत्तर मात्र माझ्याकडे अजून बाकी आहे. कळस चढवताना दोर धरायला तो येणारच आहे, तेव्हा पुन्हा विचारील.