माळ्यावरचा जुना ॲम्प्लिफायर सुरू करताना

आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, याचा आपल्याशी काय संबंध? संबंध आहे. हॅम रेडिओचा छंद असलेला घरातला माणूस जातो आणि मागे राहिलेली जड लोखंडी पेटी बायकोच्या नाहीतर सुनेच्या ताब्यात येते. भंगारवाला दारात येतो. पुतण्या म्हणतो, "काकू, लावून तर बघू, चालतोय का." या 'लावून बघू'बद्दलच आम्हाला बोलायचं आहे.

हॅम रेडिओ म्हणजे सरकारची परीक्षा देऊन, परवाना काढून हौसेने चालवलेलं बिनतारी केंद्र. 26 डिसेंबर 2004 ला अंदमानात त्सुनामी आली तेव्हा हॅमच्या मोहिमेसाठी भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या. फोन बंद पडले होते. त्यांनी आपल्या सेटवरून लोकांच्या खुशालीचे निरोप बाहेर पोचवले. अशा सेटची ताकद वाढवणारी पेटी म्हणजे ॲम्प्लिफायर. जुन्या पेट्यांत काचेचे मोठे व्हॉल्व्ह असतात.

उदाहरणाला अमेरिकेतल्या हीथकिट कंपनीचा एसबी-220 घेऊ. 1970 च्या सुमारास आलेला हा ॲम्प्लिफायर लोक सुटे भाग मागवून घरीच जोडत. आत दोन व्हॉल्व्ह आणि जवळजवळ 3000 व्होल्ट. आपल्या घरात येते ती वीज 230 व्होल्टची, तीही माणूस मारते.

आणि पिन काढली म्हणजे यंत्र मेलं असं नाही. विहिरीवरच्या मोटारीचा कंडेन्सर बंद केल्यावरही झटका देतो, हे शेतावरच्या बायकांना सांगायला नको. या पेटीत तसे आठ कंडेन्सर एका रांगेत आहेत. त्यांच्यातली वीज हळूहळू जिरवायला रेझिस्टर बसवलेले असतात, पण जुनेपणाने एखादा तुटला की वीज आतच साठून राहते. झाकण उघडताच वीज जमिनीला जोडणारी एक पट्टीही आत आहे. त्या पट्टीवर आम्ही भरवसा ठेवत नाही. पन्नास वर्षांत ती वाकली नसेल कशावरून?

म्हणून आधी पिन काढून आपल्या नजरेसमोर ठेवायची. मग लाइनमन तारेला हात लावण्याआधी डिस्चार्ज रॉड लावतो, तसंच करायचं. कोरडी, वीज न वाहणारी लांब काठी, तिच्या टोकाला तांब्याची तार, तारेचं दुसरं टोक आधी पेटीच्या पत्र्याला घट्ट बांधलेलं. ती काठी व्हॉल्व्हच्या डोक्यावरच्या टोपीला लावायची, मग कंडेन्सरच्या रांगेच्या टोकाला, आणि काम संपेपर्यंत तिथेच अडकवून ठेवायची. डावा हात पाठीमागे. दोन्ही हात आत गेले तर वीज एका हातातून दुसऱ्या हातात जाताना छातीतून जाते.

बांगड्या, अंगठी, मंगळसूत्र काढून ठेवा. यावर घरात कुरकुर होईल, होऊ द्या. लोंबणारी धातूची साखळी 3000 व्होल्टजवळ वाकली तर काय होईल ते सांगायला नको. पदर खोचा, पायात कोरडी चप्पल घाला, लेकरं बाहेर काढा. एकटीने हे काम करूच नये. दुसरीने मेन स्विचजवळ उभं राहायचं, आणि तिला तो कुठला हे आधी दाखवायचं. कुणी चिकटलं तर हात न लावता आधी मेन बंद, मग 108 ला फोन.

आता आत बघा. उंदराने वायर कुरतडलीय का, कंडेन्सर फुगलेत का, गळतायत का. ट्रान्सफॉर्मरची जोडणी तर वायरमनकडून तपासूनच घ्या. अमेरिकेत 120 व्होल्ट असतात, त्यासाठी त्याची दोन वेटोळी समांतर जोडलेली असतात. आपल्याकडे ती एकामागे एक, म्हणजे 240 व्होल्टची हवीत. ते न बघता आपल्या प्लगला लावला तर धूरच. प्लग तीन पिनांचा, अर्थिंग खरं असलेला.

पहिल्यांदा वीज देताना दोन्ही व्हॉल्व्ह बाहेर काढून झाकण बंद करा. मग सिरीज बोर्डावर 100 वॉटचा जुना पिवळा, तारेचा बल्ब लावून त्यातून वीज द्या. एलईडी इथे चालणार नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भक्क पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. भारनियमनाच्या वेळी हे काम नको. गेलेली वीज नेमका हात आत असताना यायची.

बल्बची परीक्षा पास झाली तरी कंडेन्सरचं काम उरतं. त्यांच्या आतल्या ॲल्युमिनियमवर एक बारीक थर असतो, वर्षानुवर्षं न वापरल्याने तो कमजोर होतो. एकदम पूर्ण दाब दिला तर कंडेन्सर फुटतो. म्हणून डिमरस्टॅट लावून 20-30 व्होल्टपासून सुरुवात करून काही तासांत हळूहळू वर न्यायचं. इतकं करूनही, तीस वर्षांहून जुने कंडेन्सर सरळ बदलावेत असं आमचं मत आहे. पैसे जातात, पण रोज धाकधूक नको. व्हॉल्व्ह बसवायचे ते यानंतर, पिन काढून, काठी लावून.

एक सांगायचं राहिलं. ही पेटी आपल्या सामुदायिक केंद्राला जोडायची नाही. आपल्या परवान्याला 100 वॉटची मर्यादा आहे. हॅमचा परवानाही ज्याचा त्यालाच, नवऱ्याचा बायकोला चालत नाही. तिने आपली परीक्षा द्यावी.

शेवटी बंद करताना पुढचा मीटर व्होल्ट दाखवण्यावर ठेवा आणि सुई बघा. एसबी-220 मध्ये ती साधारण अर्ध्या मिनिटात शून्याजवळ यायला हवी. वरच अडून राहिली तर वीज जिरवणारे रेझिस्टर गेलेत. पेटी उघडू नका, पिन काढा आणि झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा: आत वीज आहे.