गरुडाची निवृत्ती

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त दिल्ली परिसरातील माजी विद्यार्थ्यांच्या फरीदाबाद येथील स्नेहमेळाव्यात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की आपल्या शाळेत भूमितीची गोडी लागली आणि त्या बळावर या फरीदाबादेत यंत्रभागांची रेखाचित्रे काढण्यात माझी सारी नोकरी झाली. आजचा विषय मात्र माझ्या नातवाने दिला. पालमच्या हवाई दल संग्रहालयात मिग-२५ विमानासमोर उभे राहून त्याने विचारले, "आजोबा, हे इतके वेगवान होते, तर बंद का केले?" तेव्हा दिलेले उत्तर मलाच अपुरे वाटले. ते आज पूर्ण करण्याचा प्रयत्न करतो.

भारतीय हवाई दलाने हे टेहळणी विमान १९८१ साली बरेलीच्या तळावर आणले आणि त्याला 'गरुड' हे सार्थ नाव दिले. ध्वनीच्या जवळजवळ तिप्पट वेग, म्हणजे ताशी सुमारे ३००० किलोमीटर, आणि २० किलोमीटरहून अधिक उंची ही त्याची बलस्थाने. वैमानिकाला अंतराळवीरासारखा दाबयुक्त पोशाख चढवावा लागे. एवढ्या वेगात विमानाचे अंग इतके तापते, की नेहमीच्या ॲल्युमिनियमची ताकद टिकत नाही. अमेरिकेने आपल्या एसआर-७१ विमानासाठी टायटॅनियमची अवघड वाट धरली. सोव्हिएत अभियंत्यांनी मिग-२५चा बहुतांश सांगाडा निकेलयुक्त पोलादाचा घडवून तो वेल्डिंगने जोडला. विमान जड झाले, पण काम झाले. हाती असलेल्या साहित्यातून मार्ग काढणाऱ्या त्या अनाम कारागिरांविषयी मला आजही आदर वाटतो.

या विमानाला बंदुकीची गरज नव्हती. उंची आणि वेग हेच त्याचे चिलखत होते. मे १९९७मध्ये भारताचे असे विमान आपल्या हद्दीत शिरल्याची तक्रार पाकिस्तानने केली होती आणि भारताने ती नाकारली होती. मात्र अशा चिलखतालाही मर्यादा असते. १ मे १९६० रोजी पेशावरहून उडालेले अमेरिकेचे यू-२ विमान सोव्हिएत क्षेपणास्त्राने पाडले आणि केवळ उंची माणसाला वाचवत नाही हे सिद्ध झाले. त्यापूर्वी वर्षभर आधी, १० एप्रिल १९५९ रोजी, आपले एक कॅनबेरा विमान रावळपिंडीजवळ पाडले गेले होते. हद्द ओलांडणारा वैमानिक सापडला, तर प्रश्न केवळ त्याच्या जिवाचा उरत नाही. दोन देशांमधल्या संबंधांवर येऊन ठेपतो.

यू-२ पडले त्याच वर्षी, ऑगस्ट १९६०मध्ये, अमेरिकेच्या 'कोरोना' उपग्रहाने टिपलेल्या चित्रफितीची कुपी आकाशातून खाली सोडली गेली आणि विमानाने ती हवेतच अलगद झेलली. त्या एका फितीत तोवरच्या सर्व यू-२ उड्डाणांपेक्षा अधिक सोव्हिएत भूमी टिपली गेली होती. उपग्रह ताशी सुमारे २७,००० किलोमीटर वेगाने फिरतो, म्हणजे गरुडाच्या नऊपट. तोही इंधन न जाळता, केवळ कक्षेच्या नियमाने. त्याच्या वाटेत कोणत्याही देशाची हवाई हद्द आड येत नाही आणि वैमानिकाचा जीव पणाला लागत नाही. पुढे फितीची जागा प्रकाशाचे विद्युतसंकेतांत रूपांतर करणाऱ्या चकत्यांनी घेतली, तेव्हा कुपी झेलण्याचीही गरज संपली.

आपल्याला या दृष्टीची निकड कारगिलने शिकवली. २१ मे १९९९ रोजी टेहळणीसाठी गेलेल्या आपल्या कॅनबेराला क्षेपणास्त्र लागले. वैमानिकाने ते जखमी विमान कसेबसे श्रीनगरला उतरवले. त्यानंतर २००१ साली 'टीईएस' हा उपग्रह, २००५ साली कार्टोसॅट-१ आणि २००७ साली कार्टोसॅट-२ कक्षेत गेले. त्यांना नेणाऱ्या पीएसएलव्ही प्रक्षेपकाचा पहिला टप्पा घन इंधनावर चालतो, आणि देशातील घन इंधनाच्या संशोधनाचे नेतृत्व आपल्या वसंत गोवारीकरांनी केले, हे सांगताना मराठी माणूस म्हणून ऊर भरून येतो. २००६ साली गरुड निवृत्त झाला.

तथापि उपग्रह सर्वदर्शी असतो असेही नाही. त्याच्या येण्याजाण्याचे वेळापत्रक आधीच मांडता येते. मे १९९८मध्ये पोखरणला आपल्या शास्त्रज्ञांनी याच जाणिवेने बरीचशी कामे रात्री केली, आणि चाचण्यांची बातमी जगाला त्या झाल्यावरच कळली. विमान अवचित येत असे. उपग्रह ठरल्या वेळी येतो. ही उणीव आता तासन्‌तास घिरट्या घालणारी वैमानिकरहित विमाने भरून काढतात.

मित्रहो, या गोष्टीत माझीही एक गोष्ट आहे. कारखान्यात संगणक आला, तेव्हा माझा रेखाफलक एका रात्रीत अडगळीत गेला. माझ्या हाताखालच्या दोन कुशल सहकाऱ्यांना घरी बसावे लागले; त्यांच्यासाठी शब्द टाकण्याचे धैर्य मला झाले नाही. ती खंत अजून आहे. मी मात्र टिकलो, कारण पडद्यावरची रेषा चुकली की ती माझ्या डोळ्यांना खुपे. साधन बदलले, पण पाहण्याची शिस्त उपयोगी पडली. ती शिस्त या शाळेच्या भूगोलाच्या तासाला, समोच्च रेषांच्या नकाशावर बोट फिरवताना लागली होती.

उपग्रह चित्र देतो, अर्थ देत नाही. आमच्या शेजारची अरवली पाहा. खाणींनी पोखरलेल्या टेकड्या आणि कोरडा पडलेला बडखल तलाव वरून स्पष्ट दिसत होते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली येथील खाणकाम थांबवले, तोवर डोंगराची मोठी हानी होऊन गेली होती. दिसत होते सर्वांनाच. त्याचा अर्थ वेळीच मनावर घेतला नाही.

म्हणून नातवाला आता सांगेन, की बाळा, विमान वाईट नव्हते. त्याचे काम अधिक चांगल्या रीतीने करणारे कोणी आले, एवढेच. आणि पालकांनो, मराठी माध्यमातून शिकून मुले मागे पडतील का, हा प्रश्न आपल्याला सतावतो, हे मी जाणतो. साधने बदलत राहतील. आज शिकवलेले यंत्र उद्या संग्रहालयात जाईल. पण समोरचे नीट पाहणे, त्याचा अर्थ लावणे आणि तो निर्भयपणे सांगणे, हे मूल आपल्या भाषेत जितके खोलवर शिकते, तितके क्वचितच अन्यत्र शिकते. साठ वर्षे या शाळेने तेच शिकवले.