पिकअपचा टर्बो : बिघाड ओळखा, मगच खर्च करा
(शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



मी कृषिविद्येचा माणूस. पिकांवर बोलावे, खतावर बोलावे, ते सोडून आज गाडीच्या इंजिनावर काय बोलणार, असे आपणास वाटेल. परंतु टोमॅटोचे क्रेट भरून निघालेली पिकअप चंदनापुरीच्या घाटात ओढेनाशी झाली, तर पिकाच्या सगळ्या मेहनतीवर पाणी पडते. बाजार कोणासाठी थांबत नाही. शिवाय 'टर्बो गेला' एवढे दोन शब्द ऐकून पुष्कळ शेतकरी हंगामाच्या ऐन भरात मोठा खर्च करून बसतात, आणि दोष मात्र तसाच राहतो. म्हणून कृषी अभियांत्रिकी विभागातील सहकाऱ्यांशी बसून जे समजून घेतले, ते आपल्यापुढे मांडतो.

टर्बोचे काम सोपे आहे. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. हवा जास्त मिळाली की डिझेल पूर्ण जळते व लहान इंजिनातून मोठी ताकद मिळते. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याने १९०५ साली याचे पेटंट घेतले. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. ऑइल कमी पडले, घाण झाले किंवा उशिरा पोहोचले, की दांडा व बेअरिंग झिजलेच म्हणून समजा.

आता बिघाडाकडे वळू. विहिरीवरचा पंप पाणी उचलत नसेल तर आपण लगेच पंप खोलतो का? आधी फूटव्हॉल्व्ह पाहतो, सक्शन पाइप हवा घेतो का ते पाहतो. टर्बोचेही तसेच आहे. गाडी ओढत नाही आणि काळा धूर फेकते, याचा अर्थ डिझेलच्या मानाने हवा कमी पडते. ती का कमी पडते, हे शोधण्यासाठी प्रथम एअर फिल्टर काढून पाहावा. मळणीच्या व ऊसतोडीच्या दिवसांत तो लवकर चोंदतो. त्यानंतर टर्बोपासून इंटरकूलरकडे व तेथून इंजिनाकडे जाणारे रबरी होज पाइप हाताने चाचपावेत. पाइप फुटला असेल किंवा क्लिप ढिली असेल, तर त्या जागी ऑइलचा ओशट थर व त्यावर चिकटलेली धूळ दिसते. ही खूण लक्षात ठेवा. गाडी रेज केल्यावर फुस्स असा आवाज येत असेल तर शंकाच नको. एका बागायतदाराच्या गाडीला नवा टर्बो बसवूनही घाट चढेना. शेवटी दोष निघाला इंटरकूलरच्या पाइपाला खालच्या बाजूने पडलेल्या चिरेत. पाइप बदलला, गाडी चालू लागली. जुन्या टर्बोचे काय झाले, ते विचारू नका.

पाइप ठीक असतील तर टर्बोचा दाब कमी-जास्त करणारी दांडी मोकळी हलते का आणि तिच्याकडे जाणारी बारीक नळी तडकली आहे का, हे फिटरकडून तपासून घ्यावे. काजळीने ही दांडी अडकते. गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागून ताकद एकदम मर्यादित झाली असेल, तर दोषाचा कोड मशीनवर वाचून घ्यावा. मात्र कोड फक्त दाब कमी असल्याचे सांगतो, टर्बो खराब आहे असे सांगत नाही.

निळा धूर ऑइल जळत असल्याचा. तरीही थांबा. टर्बोतून ऑइल परत खाली नेणारी नळी चोंदली किंवा इंजिनाचा ब्रीदर तुंबला, तरी चांगल्या टर्बोतूनही ऑइल गळते.

शेवटी टर्बो स्वतः पाहावा. इंजिन बंद व थंड असतानाच हवेचा पाइप काढावा. चालू इंजिनात बोट कधीही घालू नये. दांडा बाजूला किंचित हलला तर तो ऑइलच्या थरापुरता असतो, त्यात वावगे नाही. पण आत-बाहेर हललेला हाताला जाणवला, पाती घराला घासल्याच्या खुणा दिसल्या किंवा पात्याचा तुकडा उडालेला असला, तर टर्बो उतरवावाच लागेल.

दुरुस्तीत फिरते भाग यंत्रावर बॅलन्स करावे लागतात. 'इथेच करून देतो' म्हणणाऱ्याकडे ते यंत्र आहे का, हे विचारावे. नवा टर्बो बसवतानाही जुने कारण दूर झाले पाहिजे. ऑइल आणणाऱ्या नळीत कार्बन साचतो, ती बदललेली बरी. इंटरकूलरमधील ऑइल व धातूचे कण काढावेत. ऑइलच्या जोडावर सीलंट लावू देऊ नये, कारण त्याचा तुकडा सुटून आत गेला की ऑइलची वाट बंद होते. ऑइल व फिल्टर नवे घालावेत, टर्बोच्या तोंडात आधी थोडे ऑइल ओतावे, आणि प्रथम सुरू केल्यावर काही मिनिटे गाडी नुसती न्यूट्रलमध्ये चालू द्यावी.

एक धोका मुद्दाम सांगतो. टर्बोतून भरपूर ऑइल हवेच्या वाटेने आत गेले, तर इंजिन त्याच ऑइलवर भरधाव पळू लागते आणि चावी काढली तरी बंद होत नाही. अशा वेळी घाबरून उतरू नये. ब्रेक घट्ट दाबून, सर्वांत मोठ्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडावा, म्हणजे इंजिन दबून बंद पडेल. बॉनेट उघडायला कोणालाही पाठवू नये.

रोजच्या वापरात सुरू केल्याबरोबर रेज करू नये. घाट चढून आल्यावर चावी फिरवण्याआधी एक-दोन मिनिटे इंजिन चालू ठेवावे, तेवढ्यात तापलेल्या दांड्याला ऑइल मिळते. ऑइल पुस्तकात दिलेल्या ग्रेडचेच घालावे, आणि धुळीच्या रस्त्यावर गाडी चालत असेल तर ते ठरलेल्या किलोमीटरच्या आधी बदलावे. एअर फिल्टर आपटून किंवा कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने साफ करू नये. कागदाला बारीक छिद्र पडले की त्यातून जाणारी धूळ पंख्याची पाती वाळूच्या कागदाप्रमाणे घासते. फिल्टर काढून ठेवून गाडी चालवणारेही मी पाहिले आहेत. त्यांच्या टर्बोची हमी कोणीही देणार नाही.