मोगऱ्याला कात्री

सासूबाई गेल्यावर चार वर्षं त्यांच्या मोगऱ्याला मी कात्री लावली नाही. हात धजावेना. झुडूप डोक्याएवढं वाढलं. पानंच पानं, फुलं पूजेपुरतीही नाहीत. मोगऱ्याला कळ्या येतात त्या नव्या फुटीवर. मग डिसेंबरअखेर आठ-दहा दिवस पाणी तोडलं, वाळक्या काड्या बुडातून काढल्या आणि बाकीचं झाड धारदार कात्रीनं, डोळ्याच्या किंचित वर तिरका काप देत, गुडघ्याएवढं ठेवलं. उरलीसुरली पानंही खुडली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मारलंत की हो झाड!" मलाही रात्री झोप आली नाही. बुडाशी शेणखत घालून पाणी सुरू केलं. फेब्रुवारीत पोपटी फूट दिसली. मार्चअखेर पहिली ओंजळ सासूबाईंच्या तसबिरीपुढे ठेवली. काकूंनी लगेच कात्री मागितली! म्हटलं, आता नको, कळ्याच जातील. डिसेंबरात न्या.