स्नेहलता रेड्डी : घर आणि तुरुंग



राजापूरचे खासदार प्रा. मधु दंडवते संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला आलेले असताना देशावर आणीबाणी लादली गेली आणि २६ जून १९७५ रोजी तेथेच त्यांना अटक झाली. त्या शहराच्या मध्यवर्ती तुरुंगात रात्रीच्या शांततेत स्त्रियांच्या कोठड्यांकडून एका बाईच्या किंकाळ्या कानी येत, असे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत नमूद केले आहे. ती बाई म्हणजे स्नेहलता रेड्डी. कवी-दिग्दर्शक पट्टाभिराम रेड्डी यांची पत्नी, नंदना आणि कोणार्क या दोन मुलांची आई, रंगभूमीची कलावती आणि डॉ. लोहियांच्या विचारांची कार्यकर्ती.

स्मरणसभांमध्ये स्त्रीच्या वाट्याला ‘आदर्श पत्नी, वत्सल माता’ ही विशेषणे ठरून गेल्यासारखी येतात आणि तिचे उरलेले आयुष्य त्यांच्या आड जाते. स्नेहलताबाईंच्या बाबतीत ही विशेषणे खोटी नाहीत. मात्र त्यांचे घर आणि त्यांचे राजकारण यांच्यात भिंत नव्हती, आणि राज्यकर्त्यांना खुपले ते नेमके हेच.

त्यांचा जन्म १९३२ चा, ख्रिस्ती कुटुंबातला. ब्रिटिश सत्तेविषयीच्या चिडीतून त्यांनी भारतीय नाव आणि भारतीय वेष स्वीकारला, भरतनाट्यम् आत्मसात केले आणि मद्रासमध्ये ‘मद्रास प्लेअर्स’ ही नाट्यसंस्था उभी करण्यात पुढाकार घेतला. यू. आर. अनंतमूर्तींच्या कादंबरीवरून पट्टाभिराम रेड्डींनी १९७० साली काढलेल्या ‘संस्कार’ या कन्नड चित्रपटात त्यांनी चंद्रीची भूमिका केली. धर्मभ्रष्ट ठरलेल्या ब्राह्मणाच्या प्रेताला अग्नी कोणी द्यावा, याचा काथ्याकूट अग्रहारातील विद्वान करीत बसतात. ज्या खालच्या जातीच्या बाईला त्यांच्या लेखी स्थानच नाही ती चंद्री एका मुसलमानाच्या मदतीने रात्री ते काम उरकून टाकते. सेन्सॉरने प्रथम अडवलेल्या या चित्रपटाला पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले.

आणीबाणीत जॉर्ज फर्नांडिस भूमिगत होते आणि पोलीस त्यांच्या मागावर होते. रेड्डी दांपत्याचा त्यांच्याशी स्नेह होता. जॉर्ज हाती लागत नाहीत म्हटल्यावर त्यांच्या जवळच्या माणसांना धरण्याचा सपाटा सुरू झाला. १ मे १९७६ रोजी, म्हणजे कामगार दिनीच, त्यांचे बंधू लॉरेन्स यांना बंगळूरमध्ये उचलून त्यांचा अमानुष छळ करण्यात आला. त्यांची वृद्ध आई ॲलिस फर्नांडिस यांना राष्ट्रपतींकडे पत्राने दाद मागावी लागली. २ मे रोजी स्नेहलताबाईंना अटक झाली.

दाद मागावी तर न्यायालयाचे दारही बंद होते. अवघ्या चार दिवसांपूर्वी, २८ एप्रिल १९७६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय दिला होता की, आणीबाणीत स्थानबद्धाला आपल्या अटकेविरुद्ध न्यायालयात जाता येणार नाही. न्या. एच. आर. खन्ना एकटे वेगळे राहिले. बहुमतात न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. त्या निकालाला २०१७ साली स्पष्ट शब्दांत मूठमाती देणाऱ्या घटनापीठात त्यांचेच चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड होते. एकेचाळीस वर्षांनी!

जॉर्ज फर्नांडिस १० जून १९७६ रोजी कलकत्त्यात पकडले गेले. आता तरी या बाईंना सोडायला काय हरकत होती? बडोदा डायनामाइट प्रकरणातील अंतिम आरोपपत्रात स्नेहलताबाईंचे नावही नव्हते. तरीही ‘मिसा’खाली त्यांना डांबून ठेवण्यात आले. आरोप नाही, खटला नाही, मुदत नाही.

त्यांची कोठडी एकाच कैद्यापुरती होती. दाराला लोखंडी जाळी, एका टोकाला शौचासाठी भोक, आणि निजायला प्रथम नुसती जमीन. दमा जुनाच होता. दमेकऱ्याच्या श्वासनलिका आकसतात, आणि त्याला सर्वांत आधी हवा असतो तो वेळेवरचा औषधोपचार व मनाची स्वस्थता. तुरुंगात दोन्ही दुर्मिळ.

पण त्यांची कारावासातील रोजनिशी वाचताना लक्षात राहते ते हे दुःख नव्हे. शेजारच्या कोठड्यांत गरीब, निरक्षर, कोणी वाली नसलेल्या बायका होत्या. नव्या आलेल्या बाईला सर्वांसमोर विवस्त्र करण्याची तेथे रीत होती. क्षुल्लक कारणावरून मारहाण होई. स्नेहलताबाईंनी या मारहाणीविरुद्ध अधिकाऱ्यांकडे तक्रारी केल्या, भांडण मांडले, जेवण सुधारावे म्हणून पाठपुरावा केला आणि दोन्ही बाबतींत फरक पडला. त्या बायकांना त्यांनी गाणी शिकवली, खेळ शिकवले. ‘राजकीय कैदी’ या बिरुदाची सोवळी चौकट आखून त्यांनी स्वतःला वेगळे काढले नाही. घरात आल्यागेल्याची विचारपूस करणारी बाई आत गेल्यावर तेच करू लागली. फक्त तेथे त्याला चळवळीचे रूप आले.

१५ जानेवारी १९७७ रोजी प्रकृती पार ढासळल्यावर त्यांना पॅरोलवर सोडण्यात आले. १८ जानेवारीला पंतप्रधानांनी लोकसभेच्या निवडणुका जाहीर केल्या. २० जानेवारीला स्नेहलताबाईंनी प्राण सोडला. त्यांची रोजनिशी त्याच वर्षी पुस्तकरूपाने बाहेर आली.

त्या कम्युनिस्ट नव्हत्या, हे स्पष्ट बोलले पाहिजे. आणीबाणीच्या प्रश्नावर डाव्या चळवळीतही एकमत नव्हते, हेही झाकून ठेवण्याचे कारण नाही. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने आणीबाणीला विरोध केला; भारतीय कम्युनिस्ट पक्षाने तिला पाठिंबा दिला आणि १९७८ साली भटिंडा येथील अधिवेशनात ती आपली चूक होती असे मान्य केले. चूक मान्य करणे सोपे नसते, पण ज्या घरातली बाई गेली त्या घराला अशा ठरावाने काय मिळते?

त्या घरातील कन्या नंदना रेड्डी यांनी बंगळूरच्या असंघटित कामगारांत काम सुरू केले. या कामगारांमध्ये हॉटेलांत कपबशा विसळणारी, दिवसभर राबणारी मुलेही होती, आणि त्यांना कामगार संघटनेचे सभासदत्व घेण्याचा कायदेशीर अधिकार नव्हता. त्यांच्यासाठी ‘कन्सर्न्ड फॉर वर्किंग चिल्ड्रन’ ही संस्था निघाली. पुढे कर्नाटकातील राबणाऱ्या मुलांनी ‘भीम संघ’ या नावाने स्वतःची संघटना बांधली, आणि तिचा कारभार मुलेच पाहू लागली.