ग्रामसभेची रिकामी सतरंजी

(चकलांबा, ता. गेवराई, जि. बीड येथील ग्रामस्थांसमोरील व्याख्यानाचा मजकूर)



मराठवाडा निजामाच्या अमलाखाली होता, त्या काळी सभा भरविणे हाच गुन्हा ठरू शकत असे. ‘गश्ती निशाण 53’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या फर्मानानुसार पूर्वपरवानगीवाचून जाहीर सभा घेता येत नसे. याच बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईत शिक्षकाचे काम करणाऱ्या स्वामी रामानंद तीर्थांनी पुढे शाळा सोडून मुक्तिसंग्रामाची धुरा खांद्यावर घेतली. 1938 साली सत्याग्रह झाला, शेकडो तरुण तुरुंगात गेले, आणि 17 सप्टेंबर 1948 रोजी हा प्रदेश मुक्त झाला. चार माणसांनी एकत्र बसून सार्वजनिक प्रश्नांवर मोकळेपणाने बोलावे, एवढ्या साध्या अधिकारासाठीही या भूमीने किंमत मोजली आहे.

आज परिस्थिती नेमकी उलट आहे. वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. त्या टाळणाऱ्या सरपंचाचे पदही जाऊ शकते. सभा भरविण्यास आडकाठी नाही, उलट सक्ती आहे. आणि तरीही गावोगावी सतरंजी रिकामीच राहते. हे चित्र सामान्य नागरिक आपल्या बळावर बदलू शकतो. त्यासाठी पद लागत नाही, पैसा लागत नाही, एखाद्या पक्षाचा झेंडा खांद्यावर घेण्याचीही आवश्यकता नाही.

सज्जन माणसे अनेकदा अभिमानाने सांगतात, “आमचा राजकारणाशी संबंध नाही.” परंतु गावच्या पाणीपुरवठा योजनेची जलवाहिनी कोणत्या वस्तीवरून जावी, घरकुलाच्या यादीत कोणाचे नाव आधी यावे, शाळेच्या गळक्या छतासाठी पैसा कधी खर्च व्हावा, हे निर्णय राजकारणातूनच होत असतात. सज्जन बाजूला राहिले म्हणून निर्णय थांबत नाहीत. ते दुसरे कोणीतरी घेते, एवढेच.

गणपूर्तीचा प्रश्न

गावातील एकूण मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती म्हणजे ग्रामसभेची गणपूर्ती. चकलांब्यासारख्या मोठ्या गावाला शंभर माणसे जमविणे अवघड नसावे. गणपूर्ती झाली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग मूठभरांच्या सह्यांनी ठराव मंजूर होतात आणि कागदोपत्री तो ‘गावाचा निर्णय’ ठरतो. घरी बसलेला नागरिक नकळत त्या निर्णयाला वाट मोकळी करून देत असतो.

नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र ग्रामसभा घेण्याची तरतूद आहे. पिण्याचे पाणी, अंगणवाडी, अवैध दारू हे विषय ज्यांच्या जिव्हाळ्याचे, त्या भगिनींनी पाच-पाच शेजारणींना सोबत घेऊन या सभेस जावे. मांडलेला विषय इतिवृत्तात लिहिला गेला की नाही, हे उठण्यापूर्वी वाचून घ्यावे.

ग्रामसभेच्या बळावर काय घडू शकते, याची उदाहरणे दूर नाहीत. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार एकेकाळी दुष्काळाने पोळलेले गाव होते. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली तेथील ग्रामसभेने शेतीसाठी विंधन विहिरी घ्यायच्या नाहीत, उसासारखी पाणी पिणारी पिके लावायची नाहीत, असे निर्बंध स्वतःवर घालून घेतले. दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडूनच पिके ठरतात. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाने अभ्यासगट चालवून, सर्वसहमतीचा आग्रह धरून 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळविला आणि 2011 मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा अधिकार वापरला. “दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार” ही त्यांची घोषणा शासनाशी वैर धरणारी नाही. ती आपली जबाबदारी ओळखणारी आहे.

कोयता गेला की आवाज गेला

बीड जिल्ह्याची एक वेगळी अडचण आहे. दसरा झाला की ऊसतोडणीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात आणि वसंत ऋतू सरता सरता परततात. 26 जानेवारीच्या ग्रामसभेला ही कुटुंबे फडात असतात. 20 नोव्हेंबर 2024 रोजी विधानसभेचे मतदान झाले, तेही गळीत हंगामातच. ज्यांची गरज सर्वांत मोठी, त्यांचाच आवाज निर्णयाच्या वेळी गावात नसतो.

यावर उपाय साधे आहेत. 1 मे आणि 15 ऑगस्टला ही मंडळी गावात असतात. त्या सभांना त्यांनी आवर्जून यावे. 2 ऑक्टोबरला, निघण्यापूर्वी, आपले विषय लेखी द्यावेत. मागे राहिलेल्या सुशिक्षित कुटुंबांनी शेजारच्या दोन-तीन कोयत्यांची जबाबदारी घ्यावी: त्यांचा विषय जानेवारीच्या सभेत मांडावा, ठराव काय झाला ते दूरध्वनीवरून कळवावे, मतदार यादीत त्यांची नावे शाबूत आहेत ना ते पाहावे. 2022 पासून मतदार नोंदणीसाठी जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या चार महिन्यांची पहिली तारीख अर्हता दिनांक म्हणून धरली जाते. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींचे ‘नमुना 6’ भरून घेणे हे एका संध्याकाळचे काम आहे.

पोच घेतल्याशिवाय परतू नये

तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. म्हणून प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती कराव्यात, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही व तारखेसह पोच घ्यावी. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यान्वये दहा रुपयांचे शुल्क भरून माहिती मागता येते. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही लागत नाही. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत असावा. सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. न मिळाल्यास पुढील तीस दिवसांत प्रथम अपील करता येते.

प्रश्न मात्र नेमका असावा. “गावात भ्रष्टाचार का होतो?” या प्रश्नाला उत्तर नाही. “अमुक रस्त्याचे अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि देयकाची प्रत द्यावी” या मागणीला उत्तर द्यावेच लागते. ग्रामपंचायतीचा खर्च ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावरही पाहता येतो. गावातील एखाद्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने महिन्यातून एकदा तो पाहून ठळक आकडे फलकावर लिहिले, तर अर्ध्या शंका मिटतील आणि उरलेल्या योग्य ठिकाणी विचारल्या जातील. चांगले काम करणाऱ्या सरपंचालाही त्याचा आधारच वाटेल.

एकट्याने नव्हे, मिळून

येथे एक प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे: विचारणाऱ्याच्या सुरक्षिततेचे काय? 9 डिसेंबर 2024 रोजी याच जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची निर्घृण हत्या झाली. त्या घटनेने साऱ्या महाराष्ट्राला हादरविले. ही भीती खोटी नाही, आणि तिला भ्याडपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. परंतु त्याच महिन्यात, 28 डिसेंबरला, बीडच्या रस्त्यावर हजारो माणसे पक्षभेद विसरून उतरली, हेही विसरता कामा नये. एकटा माणूस हेरला जातो. पन्नास सह्यांचा अर्ज हेरता येत नाही. म्हणून अर्ज सामूहिक असावा, सभेला गटाने जावे, गटात सर्व जातींचे व सर्व वस्त्यांचे लोक असावेत, भाषा संयमाची आणि आधार कागदाचा असावा. प्रश्न कामाविषयी असावा, व्यक्तीविषयी नसावा.

निवडणुकीत प्रत्येकाने आपापल्या विचारांच्या पक्षाचे काम जरूर करावे. मात्र निकालानंतर जिंकलेला आणि हरलेला, दोघांचेही कार्यकर्ते गावच्या पाण्यासाठी एकाच सतरंजीवर बसले पाहिजेत. गाव करील ते राव काय करील, असे आपले पूर्वज सांगून गेले. त्याची प्रचीती येण्यासाठी गावाने आधी एकत्र बसावे लागते.

म्हणून येथून जाताना प्रत्येक कुटुंबाने तीनच गोष्टी ठरवाव्यात. पुढच्या ग्रामसभेला घरातील एक पुरुष आणि एक स्त्री जाईल. घरातील प्रत्येक प्रौढाचे नाव मतदार यादीत तपासले जाईल. आणि वर्षातून एक तरी सार्वजनिक प्रश्न लेखी विचारून त्याचा शेवटपर्यंत पाठपुरावा केला जाईल. शंभर घरांनी एवढे केले, तर चकलांब्याची ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब होण्याचा प्रसंग पुन्हा येणार नाही.