पुस्तकातली स्पॅनिश आणि शेजारची स्पॅनिश



परकी भाषा शिकू लागणाऱ्याच्या हाती जे पहिले पुस्तक पडते, त्यातले जग मोठे चमत्कारिक असते. त्या जगातली माणसे सदैव प्रवासाला निघालेली असतात. ती स्टेशनवर तिकीट मागतात, हॉटेलात खोली विचारतात, घड्याळात किती वाजले याची चौकशी करतात आणि हवापाण्याविषयी एकमेकांना प्रश्न घालतात. त्यांना शेती नसते, म्हातारे आईबाप नसतात, कोणाशी भांडण नसते आणि कोणाचे देणेही नसते. अशा पुस्तकावरून स्पॅनिश शिकलेला विद्यार्थी परीक्षेत उत्तम गुण मिळवतो. पण त्याच भाषेत एखाद्या दुःखी माणसाचे सांत्वन करण्याचा प्रसंग आला, की त्याची जीभ टाळ्याला चिकटते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तर ही गोष्ट अधिकच विलक्षण वाटते. तेथे चार कोटींहून अधिक लोक घरी स्पॅनिश बोलतात. म्हणजे शाळेत जी भाषा 'परकी' म्हणून शिकवली जाते, ती पुष्कळदा शाळेच्या मागच्याच गल्लीत चुलीपाशी बोलली जात असते. वर्ग आणि गल्ली यांच्यामध्ये एक भिंत मात्र उभी असते. ही भिंत कशी उभी राहिली आणि ती ओलांडण्याचे कोणते प्रयत्न झाले, हे न्यू मेक्सिको या एका प्रदेशाच्या आधाराने आज पाहू.

न्यू मेक्सिकोत स्पॅनिश आली ती १५९८ साली, ओन्याते या सरदाराबरोबर आलेल्या वसाहतवाल्यांच्या तोंडून. तेथे आधीपासून नांदणाऱ्या प्वेब्लो लोकांच्या भाषा निराळ्या होत्या आणि त्यांपैकी काही आजही जिवंत आहेत. पुढे हा मुलूख १८२१ मध्ये स्वतंत्र मेक्सिकोचा भाग झाला आणि १८४८ च्या ग्वादालुपे इदाल्गोच्या तहाने अमेरिकेकडे गेला. माणसे आपापल्या उंबरठ्यावरच होती. सरहद्दच त्यांच्या डोक्यावरून पलीकडे सरकली! स्पेनपासून समुद्राने आणि मेक्सिको शहरापासून वाळवंटाने दूर पडलेल्या या डोंगरी खेड्यांत जी स्पॅनिश टिकली, तिच्यात जुनी रूपे जशीच्या तशी राहिली. 'असे' या अर्थी पुस्तकात 'आसी' हा शब्द असतो, तर तेथला म्हातारा 'आसीना' म्हणतो. 'मी आणले' याला पुस्तक 'त्राखे' म्हणते, तर खेडे 'त्रुखे' म्हणते. हेच 'त्रुखे' चारशे वर्षांपूर्वी सर्व्हांतेसच्या लेखणीतूनही उतरत असे.

आता त्या म्हाताऱ्याचा नातू वर्गात बसला आहे अशी कल्पना करा. तो निबंधात सहजपणे 'आसीना' लिहितो. शिक्षक तांबड्या शाईने त्यावर काट मारतात. शिक्षकांचा हेतू वाईट नसतो, प्रमाण रूप मुलाला यावे एवढेच त्यांना हवे असते. पण मुलगा घरी जातो तो एवढेच शिकून, की आपल्या आजोबांना त्यांची स्वतःची भाषा येत नाही!

वस्तुतः त्या आजोबांच्या शब्दांत किती शहाणपण भरलेले असते पाहा. वटवाघळाला प्रमाण स्पॅनिशमध्ये 'मुर्सिएलागो' म्हणतात. न्यू मेक्सिकोच्या खेड्यात त्याला 'रातोन बोलादोर', म्हणजे 'उडता उंदीर' म्हणतात. पुस्तकी माणसाला हा शब्द गावंढळ वाटतो. परंतु 'मुर्सिएलागो'ची व्युत्पत्ती शोधू गेले, तर तिच्या मुळाशीही उंदीरच निघतो, आणि तोही आंधळा! एकाने उंदराला आंधळे म्हटले, दुसऱ्याने उडते म्हटले. यात सुसंस्कृत कोण आणि गावंढळ कोण?

टर्की या पक्ष्याची गोष्टही अशीच. हा मूळचा अमेरिकेचाच पक्षी. स्पॅनिश लोकांनी तो प्रथम पाहिला, तेव्हा त्याला मोराचे नाव देऊन ते मोकळे झाले. 'पावो' हा शब्द मुळात मोराचा. पुढे खऱ्या मोराची पंचाईत झाली, म्हणून त्याला 'पावो रेआल', म्हणजे 'राजेशाही पावो' म्हणणे भाग पडले. न्यू मेक्सिकोच्या शेतकऱ्याने हा घोटाळा केला नाही. तो टर्कीला 'गायीना दे ला तिएर्रा' म्हणतो, म्हणजे 'या मातीतली कोंबडी'. हे नाव कोशकारांनाही हेवा वाटावा इतके अचूक आहे. मेक्सिकोच्या जुन्या नाहुआत्ल भाषेतून आलेले घुबडाचे 'तेकोलोते' हे नाव आणि इंग्रजीतून आलेला मालमोटारीचा 'त्रोका' हा शब्दही याच भाषेत सुखाने नांदतात. एका खेड्याच्या बोलीत चार शतकांचा इतिहास असा थरावर थर साचलेला असतो.

पण शाळेने ही संपत्ती फार काळ ओळखली नाही. १९१२ मध्ये न्यू मेक्सिको संघराज्यात दाखल झाले. त्याच्या घटनेत शिक्षकांना इंग्रजी व स्पॅनिश या दोन्ही भाषांत प्रवीण करण्याची तरतूद होती आणि स्पॅनिश वंशाच्या मुलांना वेगळ्या शाळांत टाकता येणार नाही, असेही वचन होते. कागदावरचे हे वचन व्यवहारात पुष्कळ ठिकाणी मोडले गेले. त्या नैर्ऋत्य प्रदेशातल्या कितीतरी शाळांमध्ये आवारात स्पॅनिश शब्द उच्चारला, म्हणून मुलांना शिक्षा होत असे. ती मुले मोठी झाली, आईबाप झाली, आणि आपण सोसले ते लेकरांना सोसावे लागू नये, म्हणून त्यांच्याशी फक्त इंग्रजीत बोलू लागली. भाषा मरते ती अशी, मायेच्या पोटी! पुढे त्याच नातवंडांना शाळेने वरच्या वर्गात स्पॅनिश हा 'परकी भाषा' म्हणून विषय दिला. याहून कडवट विनोद दुसरा कोणता असेल?

ही भिंत ओलांडणारी माणसेही त्याच मातीतून निघाली. आउरेलियो एस्पिनोसा यांचा जन्म १८८० साली शेजारच्या कोलोरॅडोच्या दक्षिण भागात झाला. विसाव्या शतकाच्या आरंभीच त्यांनी या बोलीचा शास्त्रीय अभ्यास केला, खेडोपाडीच्या कथा आणि पोवाड्यांसारखी जुनी कथागीते गोळा केली, आणि तसलीच सामग्री शोधत ते १९२० मध्ये स्पेनलाही जाऊन आले. विशेष म्हणजे, अमेरिकेतील स्पॅनिश शिक्षकांची संघटना १९१७ मध्ये निघाली, तेव्हा तिच्या 'हिस्पानिया' या नियतकालिकाचे पहिले संपादक हेच गृहस्थ झाले. बोलीचा अभ्यासक आणि भाषेचा शिक्षक एकाच माणसात एकत्र आले, ही घटना मला फार अर्थपूर्ण वाटते.

दुसरे नाव साबिने उलिबार्री यांचे. तिएर्रा आमारिया या डोंगरी गावात वाढलेल्या या लेखकाने १९६४ मध्ये आपल्या गावच्या माणसांच्या कथा स्पॅनिशमध्ये प्रसिद्ध केल्या. न्यू मेक्सिको विद्यापीठात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. स्पॅनिश ज्यांच्या घराण्यात आहे, अशा विद्यार्थ्यांसाठी त्या विद्यापीठात जो स्वतंत्र शिक्षणक्रम चालतो, त्याला उलिबार्रींचेच नाव दिलेले आहे. अशा विद्यार्थ्याला 'हे पुस्तक आहे' या वाक्यापासून आरंभ करावा लागत नाही. आजीचे रागावणे त्याला कळते, मात्र उत्तर इंग्रजीत सुचते. अंकुर आहे, पाणी तोडले गेले आहे. या मुलांना निराळ्या रीतीने शिकवले पाहिजे, हा विचार १९६८ च्या द्विभाषिक शिक्षणाच्या कायद्यानंतरच्या काळात जोर धरू लागला. अशा वर्गात 'आसीना'वर काट पडत नाही. 'हे घरी म्हणावे, ते अर्जात लिहावे' असे सांगितले जाते, आणि दोन्हींचा मान राहतो.

पाण्याचा उल्लेख आला, म्हणून एक गोष्ट सांगतो. न्यू मेक्सिकोच्या खोऱ्यांत शेतीला पाणी देणारे शेकडो पाट आहेत. त्यांना 'आसेकिया' म्हणतात. हा शब्द अरबीतून स्पेनमध्ये आला आणि स्पेनमधून समुद्र ओलांडून या डोंगरांत पोहोचला. पाटाच्या हक्कदारांना 'पार्सियांते' म्हणतात. ते आपल्यातूनच एक 'मायोर्दोमो' निवडतात, आणि कोणाच्या शेताला केव्हा आणि किती वेळ पाणी, हे तो ठरवतो. वसंत ऋतूत सर्वांनी फावडी घेऊन पाट साफ करायचा, असा पूर्वापार दंडक आहे. आपल्या खानदेशातल्या पांझरेकाठची फडपद्धती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे चित्र अगदी ओळखीचे वाटेल. तेथल्या पाटकऱ्याला आणि या मायोर्दोमोला एकमेकांचे दुखणे चटकन कळेल!

आता स्पॅनिश शिकणारा एखादा तरुण त्या दिवशी हातात फावडे घेऊन पाटावर उभा राहिला, तर काय होईल? संध्याकाळपर्यंत त्याला गाळ, दरवाजा, पाळी, वाटा, उशीर, चोरी आणि तडजोड या सगळ्यांचे शब्द मिळतील. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कोणाशी कसे बोलावे, वडीलधाऱ्याला आदराने कसे टोकावे आणि थट्टा कोणत्या मर्यादेपर्यंत करावी, हे त्याला कळेल. व्याकरण पुस्तकात सापडते. रीत माणसांतच सापडते.

मात्र येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. शेजारी म्हणजे आपल्या अभ्यासासाठी मांडून ठेवलेले संग्रहालय नव्हे. वही घेऊन जायचे, म्हातारीकडून चार शब्द टिपून घ्यायचे आणि पाठ फिरवायची, याला भाषा शिकणे म्हणत नाहीत. ही एक प्रकारची उचलेगिरी झाली. घेणाऱ्याने काही दिले पाहिजे. पाट साफ करू लागावे, कोणाला इंग्रजी कागद वाचून दाखवावा, कोणाच्या आठवणी लिहून त्या त्याच्याच नातवंडांच्या हाती द्याव्यात. पुस्तकही टाकून देऊ नये, कारण एका खोऱ्यातून निघून माद्रिद, लिमा आणि ब्वेनोस आयरेसपर्यंत पोहोचायचे, तर प्रमाण भाषेचा राजरस्ता लागतोच. रस्ता आणि अंगण, दोन्ही हवीत.

पुस्तकावाचून केवळ सहवासाने स्पॅनिश शिकलेल्यांत आपले काही देशबांधवही होते, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत पंजाबातले शेतकरी कॅलिफोर्नियाच्या दक्षिणेकडील इंपीरियल खोऱ्यात जाऊन राहिले. तेव्हाच्या कायद्याने त्यांना गोऱ्या स्त्रियांशी विवाह करण्याची मनाई होती. त्यांपैकी अनेकांनी मेक्सिकन स्त्रियांशी संसार मांडले. घरात आणि शेतात स्पॅनिश चालू लागली, आणि पंजाबी बापांची मुले आईची भाषा बोलत वाढली. या शेतकऱ्यांची परीक्षा कोणी घेतली नाही. परंतु ज्या भाषेत त्यांनी लेकरांना निजवले, ती भाषा त्यांना आली नाही, असे कोण म्हणेल?

स्पॅनिश आपणा मराठी माणसांनाही सर्वस्वी परकी नाही. तिच्या सख्ख्या बहिणीने, पोर्तुगीजने, आपल्या घरात साबण, बटाटा आणि पगार हे शब्द कधीच आणून ठेवले आहेत. स्पॅनिशमध्ये साबणाला 'खाबोन' म्हणतात आणि पैसे देण्याच्या क्रियेला 'पागार'. महिनाअखेर आपण ज्याची वाट पाहतो, त्या शब्दाचे गोत्र हे असे आहे!

आणि आज माझे बोलणे ऐकणाऱ्यांत तंजावर, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबेही असतील. तंजावरला मराठी गेली ती सतराव्या शतकात. मूळ प्रवाहापासून दूर राहून तिने तेथे आपले वळण घेतले. त्या घरातली मुलगी पुण्याला येते आणि तिच्या तोंडचा एखादा जुना शब्द ऐकून आपण हसतो, तेव्हा न्यू मेक्सिकोतली ती तांबडी शाई आपल्याच हातात आलेली असते, हे आपल्या ध्यानात येत नाही. कदाचित तो शब्द आपल्या पणजीच्या ओठी होता. आपण हरवला, तिने जपला.

म्हणून यापुढे असा एखादा शब्द कानी पडला, तर हसण्याआधी क्षणभर थांबावे आणि विचारावे, "हा शब्द तुमच्याकडे कोण बोलत असे?" समोरचा माणूस आपल्या आजीची गोष्ट सांगू लागेल. ती अखेरपर्यंत ऐकून घ्यावी.